प्रगत स्तनार्बुद : संप्रेरक व प्रतिपिंड यांची संयुक्त चिकित्सा

स्तनाचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरल्यावर आधुनिक चिकित्सा घेणाऱ्या अनेक रुग्णा संधिशूल, थकवा अशा तक्रारींसाठी आपल्याकडे येतात. त्या कोणती औषधे घेत आहेत व कशासाठी, हे जाणल्याशिवाय आपण योजलेला कल्प हितकर ठरेलच असे नाही.

चिकित्सेचे तत्त्व

काही अर्बुदांना वाढीची प्रेरणा दोन मार्गांनी मिळते : इस्ट्रोजेनच्या ग्राहींमार्फत आणि पेशीपृष्ठावरील हर-टू या प्रथिनामार्फत. एक मार्ग रोखल्यास पेशी दुसऱ्याचा आश्रय घेऊ शकते. म्हणून दोन्ही रोखावयाचे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मुख्यत्वे मेदादी ऊतींत अरोमाटेज या विकराच्या साहाय्याने तयार होते. अ‍ॅनास्ट्रोझोलची रोजची १ मि.ग्रॅ. गोळी हे विकर रोखते. ट्रास्टुझुमॅब हा प्रतिपिंड हर-टूस बद्ध होतो.

अभ्यास काय सांगतात?

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'टँडेम' अभ्यासात २०७ रजोनिवृत्त रुग्णा होत्या. व्याधी पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ केवळ गोळीने २.४ महिने, तर दोहोंनी ४.८ महिने आढळला. एकूण आयुर्मानात मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. केवळ गोळी घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना पुढे प्रतिपिंड मिळाला होता, हेही ध्यानात घ्यावे. ज्यांना केमोथेरपी सोसणारी नाही, अथवा ती पूर्ण झाली आहे, अशांना ही संयुक्त चिकित्सा विशेषत्वे उपयोगी पडते.

आपले कर्तव्य

अ‍ॅनास्ट्रोझोलने सांधे दुखतात व अस्थी विरळ होतात. या वेदनेला कंटाळून रुग्णा गोळी सोडू पाहते. आपण तिला तसे सुचवू नये. स्नेहन, स्वेदन वा अन्य उपाय तिच्या कर्करोगतज्ज्ञाशी बोलूनच योजावेत. ज्येष्ठमधातील काही घटकांची इस्ट्रोजेनसदृश क्रिया प्रयोगशाळेत दिसली आहे. शतावरीविषयीही तशी शंका घेतली जाते. इस्ट्रोजेन घटविणे हेच जेथे चिकित्सेचे मर्म, तेथे अशी द्रव्ये टाळणेच सयुक्तिक. औषधविक्रेत्यांनीही स्त्रियांसाठीचे शक्तिवर्धक कल्प देण्यापूर्वी ही विचारपूस अवश्य करावी.

ट्रास्टुझुमॅबमुळे हृदयाची आकुंचनशक्ती घटू शकते. त्यासाठी ठरावीक काळाने इको तपासणी करतात. अशा रुग्णेस श्वास लागू लागला वा पायांवर शोथ आला, तर केवळ श्वासव्याधी समजून कल्प देत बसू नये; तिला त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे.

व्याधी निर्मूल होईल, असे आश्वासन आम्ही वा अन्य कोणीही देऊ नये. रुग्णेचे ग्राही-अहवाल प्रथम मागून पाहावेत व आपला प्रत्येक कल्प तिच्या कागदावर स्पष्ट लिहावा, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.