जड वायू आणि पेवातील हवा

हवा ही एकच वस्तू नसून अनेक वायूंचे मिश्रण आहे, हे विद्यार्थ्यांस पाठ असते. कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रवायू, २१ भाग प्राणवायू आणि जवळजवळ १ भाग आरगॉन असतो. कर्बद्विप्राणिद, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, दहा हजार भागांत सुमारे चारच भाग असतो. परंतु हे आकडे मोकळ्या हवेचे होत. खोल, बंदिस्त जागेत ते बदलतात, आणि तो बदल डोळ्यांस दिसत नाही. म्हणून हा पाठ केवळ परीक्षेपुरता समजू नये.

प्रयोग : शिक्षकांनी काचेच्या पेल्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यावर एका लिंबाचा रस पिळावा. फेसाबरोबर निघणारा वायू कर्बद्विप्राणिद होय. फेस बसल्यावर पेटती काडी पेल्यात हळूच उतरवावी. रसास स्पर्श होण्यापूर्वीच ती विझते. नंतर दुसऱ्या पेल्यात मेणबत्तीचा लहान तुकडा पेटवून ठेवावा व पहिल्या पेल्यातील वायू, रस सांडू न देता, पाण्याप्रमाणे त्यावर ओतावा. काहीही पडताना दिसत नाही, तरी ज्योत मालवते. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड आहे, याचा मुलांस येथे प्रत्यक्ष अनुभव येतो.

व्यवहाराशी संबंध : पूर्वी अनेक गावांत धान्य पेवात साठवीत. धान्यही सजीव असते. ते प्राणवायू घेते व कर्बद्विप्राणिद सोडते. दाणे ओलसर असल्यास ही क्रिया वाढते. पेवात वारा खेळत नसल्याने जड वायू तेथेच साचून राहतो. पडीक विहिरीत पालापाचोळा कुजतो, तेथेही असाच धोका असतो. अशा जागी उतरलेला मनुष्य थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. गावात मग विहिरीने बळी घेतला, आसरांचा कोप झाला, असे बोलले जाते. शिक्षकांनी या समजुतीची थट्टा न करता पेल्यातील विझलेल्या काडीची आठवण द्यावी.

दक्षता : विहिरीत आधी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये, हे योग्यच. परंतु तो जळत राहिला म्हणून आतील हवा निर्धोक ठरत नाही. कुजणाऱ्या घाणीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प प्रमाणातही घातक असतो. शिवाय मैलाकुंडीत व गोबरगॅसच्या खड्ड्यात मिथेन असतो; तेथे ज्योत नेल्यास भडका उडतो. म्हणून तेथे दिवा कदापि नेऊ नये.

मुलांच्या मनावर एवढे ठसवावे : आत कोणी पडलेला दिसला तर स्वतः उतरू नये, इतरांसही उतरू देऊ नये, मोठ्याने हाका मारून माणसे जमवावी आणि श्वसनाची साधने असलेल्या अग्निशमन पथकास बोलवावे.

शेवटी एक प्रश्न विचारावा : ज्या वायूने ज्योत मालवली, त्याच वायूपासून हिरवी पाने सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात, मग त्यास वाईट म्हणावे काय? वायू चांगला वा वाईट नसतो. तो कोठे व किती साचला आहे, हेच पाहावयाचे असते. मुले स्वतः या उत्तरापर्यंत आली, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.