जुना लॅपटॉप आणि हलकी लिनक्स

‘जुने ते सोने’ ही म्हण निदान संगणकाच्या बाबतीत तरी कुणी खरी मानीत नाही. आमच्या घरीही मानीत नव्हते. थोरल्या दादाने पदविकेच्या शिक्षणासाठी २०११ साली घेतलेला लॅपटॉप, तो भोसरीला कामाला लागल्यापासून माळ्यावर पिशवीत बांधून ठेवलेला होता. तृतीय वर्षाला भूगोलाचा प्रकल्प-अहवाल मराठीत टाइप करून द्यावयाचा असे कळले, तेव्हा मला त्याची आठवण झाली. माझा विषय तारळी नदीचे खोरे हा होता. उंब्रजजवळ कृष्णेला मिळणारी ही नदी मी लहानपणापासून पाहत आले आहे, त्यामुळे लिहावयास पुष्कळ होते. पण चाळीस पाने दुकानातून टाइप करून घ्यावयाची आणि एकेका दुरुस्तीसाठी पुन्हा तेथे जाऊन बसावयाचे, हे पैशाच्या आणि वेळेच्या दोन्ही दृष्टींनी मला परवडणारे नव्हते.

लॅपटॉप चालू केला तो कामाला लागेपर्यंत आईचा चहा होऊन प्यायलाही झाला. त्यात विंडोज ७ होती. तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला असून तिच्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्तीही २०२३ सालची आहे. नवी विंडोज ११ घालावी तर तिला किमान चार जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमच्या यंत्रात रॅम दोन जीबी, आणि ती सोय नाहीच. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा हा प्रश्न आता आमच्या एकट्याच्या घरचा राहिलेला नाही.

अशा वेळी लिनक्सचे नाव निघते. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रणालीचा गाभा लिहून सर्वांना खुला केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्याला जोडली गेली. त्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापले संच रचले. एकाच पिठाच्या भाकरी, पण थापणारे हात वेगळे. त्यामुळे ‘लिनक्स घाल’ असे सांगणाऱ्याने निम्मेच सांगितलेले असते. कोणती घालावी, हा खरा प्रश्न.

मी प्रथम यादी केली ती संचांची नव्हे, माझ्या यंत्राची आणि माझ्या कामाची. प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे आधी पाहावे. केवळ ३२ बिटचा असेल तर निवडीस वाव फार थोडा उरला आहे. लुबुंटूने २०१९ पासूनच्या नव्या आवृत्त्यांत आणि डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबविले. सुदैवाने आमचा ६४ बिटचा निघाला. मग रॅम, डिस्कची जागा, आणि बॅटरी. बॅटरी पार गेलेली होती, म्हणजे वीज गेली की यंत्र बंद. कामाची यादी छोटी होती : मराठी लेखन, पीडीएफ वाचणे, थोडे इंटरनेट.

त्यावरून निवड सोपी झाली. पपी लिनक्स ही रॅममध्येच चढून पेन ड्राइव्हवरून चालते. बिघडलेल्या यंत्राची पाहणी करावयास ती उत्तम, पण मला डिस्कवर कायमची बसणारी प्रणाली हवी होती. लिनक्स मिंट मैत्रिणीच्या यंत्रावर पाहिली होती व आवडलीही होती. मात्र तिला दोन जीबी ही किमान रॅम आणि चार जीबी सोयीची, असे तिचे कर्तेच सांगतात. अँटीएक्स सर्वांत हलक्यांपैकी एक, परंतु तिच्या खिडक्या-मेनूंची सवय करून घ्यावयास माझ्याजवळ दिवस नव्हते. शेवटी मी डेबियन घेतली आणि तिच्यावर एक्सएफसीई हा साधा, हलका डेस्कटॉप. १९९३ पासून स्वयंसेवक चालवीत आलेला हा संच सावकाश बदलतो, आणि अहवाल हातावेगळा होईपर्यंत मला बदल नकोच होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हलकी प्रणाली घातल्याने इंटरनेट हलके होत नाही. माझ्या यंत्रावर चालू होताच साधारण पाचशे एमबी रॅम खर्ची पडते, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की उरलेली संपते. मग यंत्र हार्ड डिस्ककडे धाव घेते आणि सारे जागीच थांबते. त्यावर उपाय म्हणजे टॅब कमी ठेवणे, आणि जमल्यास रॅम वाढविणे. कराडात वापरलेली दोन जीबीची पट्टी सहाशे रुपयांस मिळाली. जेवढा फरक प्रणाली बदलून पडला, जवळजवळ तेवढाच त्या पट्टीने पडला, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे.

इन्स्टॉलरची फाइल तीन जीबीहून मोठी असल्यामुळे ती दादाने दिवाळीला येताना आणली. तिचा ६४ अक्षरांचा पडताळा संकेतस्थळावरील पडताळ्याशी जुळवून पाहिला. फाइल अर्धवट उतरली असेल तर ती चूक येथेच पकडली जाते. रुफस या कार्यक्रमाने ती पेन ड्राइव्हवर उतरवली. यंत्र चालू करताना एफ-१२ दाबून (काही यंत्रांना एफ-९ किंवा एस्केप लागते) पेन ड्राइव्हवरून सुरू केले. अशा रीतीने डिस्कला हात न लावता प्रणाली चालवून पाहता येते. आवाज, पडदा, टचपॅड ठीक होते. वाय-फाय मात्र दिसेना. त्या चिपचे फर्मवेअर वेगळे उतरवावे लागते, आणि उतरवावयास इंटरनेट हवे! फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले तेव्हा हा तिढा सुटला.

आता माझ्या चुकीकडे येते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढे मी कॉपी करून ठेवले, ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला आणि दुपारी वीज असताना इन्स्टॉल करून घेतले. अर्ध्या तासात काम झाले. संध्याकाळी शेतावरून आलेल्या दादाने पडदा पाहिला, कौतुक केले आणि सहज विचारले, “अगं, डी मधलं घेतलंस ना? आजोबांचे फोटो आहेत त्यात.”

मी काहीच बोलले नाही. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, हे मला ठाऊकच नव्हते. आजोबा २०१४ साली गेले. त्यांचे मळ्यातले, चाफळच्या रामनवमीतले, नव्या बैलजोडीबरोबरचे सारे फोटो दादाच्या त्या डी मध्येच होते. दुसरीकडे कोठेही नव्हते. दादा रागावला नाही. तो नुसता ओसरीवर जाऊन बसला, ते मला अधिक लागले.

रात्री वाचता वाचता कळले की डिस्क पुसली म्हणजे बहुधा तिची अनुक्रमणिका पुसली जाते. वर नवे लिहिले जाईपर्यंत आतली पाने तशीच असतात. ३२० जीबीच्या डिस्कवर नव्या प्रणालीने काही जीबीच व्यापले होते. तेव्हा यंत्र तत्काळ बंद केले, पुन्हा पेन ड्राइव्हवरून चालू केले, टेस्टडिस्क हा संच उतरवला आणि त्यातील फोटोरेक चालविले. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवावयाच्या नसतात, म्हणून दुसरी पेन ड्राइव्ह लावली. रात्रभर काम चालले. देवाच्या दयेने वीज गेली नाही.

सकाळी हजारो चित्रे निघाली. बहुतेक ब्राउझरची बारीकसारीक चिन्हे, नावे कशालाच नाहीत, नुसते आकडे. आकाराने मोठ्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. तीनशेच्या वर फोटो मिळाले. मळ्यातले आले, चाफळचे आले. बैलजोडीबरोबरचा एकच मिळाला, तोही खालून अर्धा करडा. आईने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “चेहरा आहे की.” आता ते फोटो दोन पेन ड्राइव्हवर आणि दादाच्या फोनमध्ये आहेत.

राहिले मराठी लेखन. डेबियनमध्ये लोहित हा देवनागरी फाँट मिळतो आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्या आहेत. मी इनस्क्रिप्ट घेतली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ही तिची रचना पंधरा दिवसांत बोटांना वळण लावते. पहिले प्रकरण मात्र मी आधीच दुकानातून जुन्या फाँटमध्ये करून आणले होते. माझ्या यंत्रावर ते इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसले. जुन्या फाँटांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेले असतात. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कोठेही ‘क’च राहतो. ते प्रकरण मी पुन्हा टाइप केले.

छपाईसाठी दुकानात नेताना लिबर-ऑफिसमधून पीडीएफ करून न्यावे. फाँट तिच्या पोटातच राहतात आणि पाने हलत नाहीत.

अहवाल तपासून परत आला तेव्हा अकराव्या पानावर लाल वर्तुळ होते. मी ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे लिहिले होते. शेजारी सरांचा शेरा : “तारळीच्या खोऱ्यात दर्या कोठून आला?” इनस्क्रिप्टमध्ये जे या कळीवर साधा र असतो आणि शिफ्टसह ऱ. दऱ्या, खोऱ्या, पायऱ्या यांना तो दुसरा लागतो, मग डी या कळीवरचा हलन्त आणि त्यापुढे य. चूक बावीस ठिकाणी निघाली. शोधून बदलावयास एक मिनिटही लागले नाही.