सामायिक कार्यशाळेतील विजेची करवत

कुंभकोणम्‌पासून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही किलोमीटरवर तिरुभुवनम् हे गाव लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने (राज्यकाल 1178-1218) बांधविलेले कंपहरेश्वराचे मंदिर आणि रेशमी साड्यांचे हातमाग यांसाठी ते प्रसिद्ध आहे. हातमाग ही मुख्यतः लाकडी वस्तू होय. त्याची चौकट, कापड गुंडाळण्याचा रूळ, पायपट्ट्या हे सारे झिजते, तडकते आणि दुरुस्तीला येते. अशा गावात दोनचार कारागिरांनी मिळून एक छप्पर घ्यावे, विजेची हत्यारे सामाईक ठेवावीत आणि गरजेप्रमाणे विणकरानेही तेथे येऊन एखादी फळी कापावी, ही व्यवस्था सोयीची व काटकसरीची ठरते. परंतु हत्यार सामाईक झाले की त्याचा धोकाही सामाईक होतो.

हाती धरावयाच्या विजेच्या गोल करवतीचा जन्म 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे झाला. एडमंड मिशेल याने ऊस तोडणाऱ्या मजुरांसाठी यांत्रिक कोयता करण्याची खटपट केली. तिच्यातूनच पुढे लाकूड कापणारी ही करवत निघाली. 185 मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला 5000 फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे 175 किलोमीटर होतो. हातकरवतीत दोष असेल तर तो मनगटाला लगेच जाणवतो. विजेची करवत मात्र सदोष असूनही सुरळीत चालल्यासारखी वाटते. आधीच्या माणसाने ती कोणत्या स्थितीत ठेवली, हे नव्या माणसाला पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून सामायिक कार्यशाळेचा पहिला नियम असा, की प्रत्येकाने प्रत्येक वेळी करवत अनोळखी समजूनच हाती घ्यावी.

तपासणीला दोन मिनिटे पुरतात. प्रथम प्लग काढलेला असल्याची खात्री करावी. पात्याचे दात, ते घट्ट बसविणारा बोल्ट आणि वायरचे आवरण पाहावे. पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी नसावी. यानंतर पात्याखालचे सरकते झाकण मागे ओढून सोडावे. ते स्प्रिंगच्या जोराने झटकन जागेवर आले पाहिजे. भुसा व डिंक साचल्याने ते अडकते. तेव्हा साफ करण्याऐवजी ते सुतळीने बांधून किंवा पाचर मारून उघडे ठेवण्याचा मोह होतो. ज्याने पाचर मारली त्याला ती ठाऊक असते. त्याच्यामागून आलेला विणकर काम संपले म्हणून यंत्र मांडीजवळ खाली नेतो, आणि पाते अजून फिरत असते. रेशमाचा तुटलेला धागा बोटांच्या अग्रांनी जोडणाऱ्या माणसाला बोट गमावणे म्हणजे धंदा गमावणेच होय.

दुसरा धोका उलट धक्क्याचा. फळीला केवळ दोन टोकांना आधार दिला तर कापताना ती मध्ये वाकते, चीर मिटते आणि पाते तिच्यात आवळले जाते. मग तेच बळ करवतीला कापणाऱ्याच्या अंगावर मागे फेकते. यासाठी फळीला चिरेच्या जवळ आधार द्यावा, कापलेला तुकडा मोकळा सुटेल असे पाहावे आणि पाते फळीखाली जेमतेम एका दातापुरते उतरेल इतकीच खोली ठेवावी. करवत दोन्ही हातांनी धरावी, तिच्या सरळ रेषेत उभे न राहता किंचित बाजूस राहावे, आणि पाते थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये. फळीखाली हात कधीही घालू नये.

फरशी कापण्याच्या यंत्राला लाकडाचे दातेरी पाते लावण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. अशी यंत्रे मिनिटाला 10000 हून अधिक फेरे घेतात आणि त्यांना सरकते झाकण नसते. लाकडासाठी ती वापरू नयेत.

सैल वेष्टी, उपरणे व हातमोजे पात्यात ओढले जातात, म्हणून ते टाळावे. डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण असावे. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये दिला. नाकातोंडावर योग्य मुखपट्टी हवी. वीज गेल्यास प्रथम प्लग काढावा, कारण कळ चालू राहिली असेल तर वीज येताच पाते आपोआप फिरू लागते.

1948 च्या कारखाने अधिनियमात यंत्रांना संरक्षक झाकण असावे अशी तरतूद होती. परंतु वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असल्याखेरीज तो अधिनियम सामान्यतः लागू होत नसे. लहान कार्यशाळेला आपले नियम आपणच करावे लागतात. करवतीसाठी एक जबाबदार माणूस नेमावा. सदोष यंत्राला लाल फडके बांधून ते कपाटात कुलुपात ठेवावे, आणि दुरुस्तीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा; दोष सांगणाऱ्यावरच खर्च पडू लागला तर कोणीही दोष सांगणार नाही. कापण्याच्या जागेभोवती जमिनीवर रेघ आखावी आणि काम चालू असता तिच्या आत कोणी जाऊ नये, हाकही मारू नये. तिरुभुवनम्‌मध्ये तमिळबरोबर विणकरांच्या घरांतून सौराष्ट्री भाषाही बोलली जाते. अशा ठिकाणी नियमांच्या फलकावर शब्दांच्या जोडीला चित्रेही असावीत. करवत दुसऱ्याच्या हाती देताना प्लग काढून, झाकण सरकवून दाखवून द्यावी. घेणाऱ्यानेही ते पुन्हा तपासावे. त्यात देणाऱ्यावर अविश्वास दाखविल्यासारखे काही नाही.