घटक ६ : मानसशास्त्रीय संशोधन आणि लोकाभिमुख लेखन

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• प्रबंधलेखन आणि लोकाभिमुख लेखन यांतील फरक सांगता येईल.
• एखाद्या संशोधनाचा निष्कर्ष त्याच्या मर्यादांसह सुबोध मराठीत मांडता येईल.

६.१ प्रस्तावना

विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी आपला प्रबंध परीक्षकांसाठी लिहितो. ज्यांच्या मनोव्यापारांविषयी ते संशोधन असते, त्या सामान्य माणसांपर्यंत मात्र ते क्वचितच पोहोचते. विज्ञानाच्या सर्वच शाखांत ही उणीव जाणवते. ती दूर व्हावी म्हणून भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ हा उपक्रम सुरू केला. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपल्या संशोधनावर सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहावा, ही त्यामागील अपेक्षा होय. मानसशास्त्राच्या बाबतीत लेखकाची जबाबदारी अधिक वाढते. कारण येथे वाचक निष्कर्ष लगेच स्वतःला लावून पाहतो.

६.२ एक उदाहरण

२००६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि त्यांचे तेव्हाचे संशोधक विद्यार्थी जेफ्री कारपिकी यांनी स्मरणाविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लहान उतारे वाचले. नंतर काही उतारे पुन्हा वाचावयास दिले गेले. तर काहींच्या बाबतीत, उतारा समोर नसताना आठवेल तेवढे लिहावयास सांगितले गेले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन सरस ठरले : ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले : पुन्हा वाचलेल्यांपैकी ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्यांपैकी ५६ टक्के आशय स्मरणात राहिला होता.

६.३ मांडणीतील फरक

प्रबंधात हाच निष्कर्ष असा येईल : ‘पुनर्वाचनाच्या तुलनेत प्रत्यावाहन-चाचणीमुळे विलंबित धारणेत लक्षणीय वृद्धी होते.’

आता सोलापुरातील एक वाचक डोळ्यांसमोर आणा. ती दिवसभर विड्या वळते, घरी तेलुगू बोलते आणि रात्री दूरशिक्षणाचा अभ्यास करते. तिच्यासाठी असे लिहिता येईल : ‘धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढे कागदावर लिहा. त्याच रात्री पाहिल्यास, पुन्हा वाचणे बरे होते असे वाटेल. आठ दिवसांनी मात्र लिहून पाहिलेले अधिक आठवण्याचा संभव आहे.’

या मांडणीत तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

(अ) शब्द : संख्याशास्त्रात ‘लक्षणीय’ म्हणजे निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता अल्प असलेला फरक. व्यवहारात त्याचा अर्थ ‘मोठा’ असा होतो. म्हणून असा शब्द जसाच्या तसा ठेवू नये.

(आ) प्रतिकूल बाजू : पहिल्या चाचणीतील पीछेहाट गाळल्यास लेख अधिक आकर्षक होईल. परंतु पहिल्याच रात्री कमी आठवले तर ती वाचक ‘आपल्यालाच जमत नाही’ असे समजून ही पद्धत सोडून देईल. गाळलेल्या एका वाक्याची किंमत तिला मोजावी लागेल.

(इ) मर्यादा : हे उतारे लहान होते आणि वाचणारे अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुण होते. दिवसभराच्या श्रमांनंतर अभ्यास करणाऱ्या प्रौढांना तेवढाच लाभ होईल, असे या एका प्रयोगावरून म्हणता येत नाही. ‘करून पाहा’ असे लिहावे. ‘हमखास यश’ असे लिहू नये. ‘वाचू नका, आठवा’ हे शीर्षकही चुकीचे ठरेल, कारण प्रयोगात आधी वाचन होतेच.

६.४ सारांश

लोकाभिमुख लेखनात परिभाषा सोपी होते, वाक्ये लहान होतात; परंतु कोणावर, कशाच्या तुलनेत आणि किती काळाने, या तीन प्रश्नांची उत्तरे गाळता येत नाहीत. ती राखली, तर वाचकाला निष्कर्ष स्वतः तपासून स्वीकारता येतो.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वृत्तपत्रातील मानसशास्त्रविषयक एखादी बातमी निवडा. वरील तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरे तीत मिळत नाहीत, ते लिहा.
२. हे पुस्तक मिटून विभाग ६.२ मधील प्रयोग सहा ओळींत लिहा. आठ दिवसांनी, पुस्तक न उघडता, पुन्हा लिहा आणि दोन्ही लेखनांची तुलना करा.