आधी थांबणे, मग चालणे : एका जुन्या जीपचा पाठ



आपल्या वर्गात 'वाहने' हा पाठ झाला तेव्हा मुलांनी बैलगाडी, टांगा, आगगाडी, विमान अशी नावे भराभर सांगितली. पण गाडीच्या पोटात काय काय असते असे विचारल्यावर 'इंजिन' या एका उत्तरापुढे फारसे कोणी गेले नाही. म्हणून या अंकात गाडीच्या पोटातला पाठ घेऊ.

माझी पदवी अभियांत्रिकीची असली तरी पोटापाण्याचा उद्योग संगणकाचा आहे. गेल्या वर्षी आम्ही १९९८ सालची एक जीप चेरोकी घरी आणली. ती सात वर्षे एका शेतावरच्या कोठाराआड, गवतात उभी होती. रविवारी मराठी शाळा, म्हणून कामाचा वार शनिवार. या पाठात आम्ही कोणत्या क्रमाने काम केले आणि तोच क्रम का, ते सांगतो. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.

१. ही गाडी कुठली?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला हलकी, कुठेही जाणारी आणि चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. ओहायो राज्यातल्या टोलीडो गावी विलीस-ओव्हरलँड कंपनीने १९४१ पासून ती मोठ्या संख्येने बनवली, आणि पुढे फोर्ड कंपनीनेही तीच बनवली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. १९४७ मध्ये आपल्या मुंबईत महिंद्र कंपनीने विलीस जीप जोडायला सुरुवात केली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. धूळ उडवत गावात येणारी सरकारी जीप किंवा निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी जीप त्यांना नक्की आठवेल.

आमची चेरोकी त्याच टोलीडोची. तिचे इंजिन चार लिटरचे, बिडाचे आणि एका ओळीत सहा सिलिंडर असलेले आहे.

२. पाया तपासा

युद्धातल्या जीपला खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा होता आणि त्यावर वरचा डबा बसवलेला असे. चेरोकीत तसे नाही. तिचा पत्र्याचा डबा आणि खालचे दांडे एकत्रच वेल्ड केलेले आहेत. म्हणजे पायाखालचा पत्रा नुसता पाय ठेवायला नसून तो गाडीचा कणाही आहे. तो कुजला असेल तर वरचे इंजिन कितीही चांगले असले तरी गाडी घेऊ नये.

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाला की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते. आपल्या पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालून गाडीला चिकटते आणि ओल धरून ठेवते. म्हणून विकत घेण्याआधी आम्ही गालिचे उचलून पाहिले आणि खालचे दांडे हातोडीने ठोकून पाहिले. निरोगी पत्रा 'ठण्ण' वाजतो, कुजलेला पत्रा 'भद्द' वाजतो. दांडे ठण्ण वाजले. चालकाच्या पायाखाली मात्र तळहाताएवढे भोक होते.

असे भोक लांबी भरून आणि वर रंग मारून सहज झाकता येते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! लांबीमुळे भोक दिसायचे बंद होते, पण ताकद परत येत नाही. म्हणून चकचकीत पत्रा लागेपर्यंत कुजका भाग कापला आणि नवा पत्रा वेल्ड करून बसवला. हे काम एका जाणकार मित्राने केले. मुले तेव्हा घरात होती, कारण वेल्डिंगच्या प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास डोळे पोळतात.

३. थांबणे

आता तुम्ही म्हणाल, पुढचे काम इंजिनचे. नाही! इंजिन सुरू झाले की गाडी 'जरा' पुढे-मागे करून पाहण्याचा मोह कोणालाही होतो. ब्रेक नसलेली चालती गाडी ही बंद गाडीपेक्षा वाईट. म्हणून आधी ब्रेक.

ब्रेकचे पेडल दाबले की एका नळकांड्यातले द्रव दाबले जाते. द्रव दबून लहान होत नाही, म्हणून तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दबते. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पायाची सगळी मेहनत बुडबुडा दाबण्यात जाते आणि चाक फिरतच राहते.

हे द्रव हवेतला ओलावाही शोषून घेते. डॉट ३ या प्रकारचे ताजे द्रव २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे, तर ओलावा शोषलेल्या द्रवासाठी तीच मर्यादा १४० अंश आहे. घाट उतरताना ब्रेक खूप तापतात. द्रव उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. म्हणून सात वर्षांचे जुने, चहाच्या रंगाचे द्रव आम्ही पूर्ण काढून टाकले.

मागच्या चाकांकडे जाणाऱ्या पोलादी नळीवर बोटभर लांबीचा फुगीर गंज होता. नळी गळत नव्हती. तेवढाच तुकडा कापून जोड द्यावा असा सल्ला एकाने दिला. तो स्वस्तही होता. पण उरलेल्या नळीचे वय तेच होते आणि तिने मीठही तेवढेच खाल्ले होते. शिवाय जोराचा ब्रेक लावतो त्याच क्षणी नळीत सर्वांत जास्त दाब असतो. म्हणजे ती फुटली तर नेमकी तेव्हाच फुटणार. आम्ही पूर्ण नळी बदलली आणि तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घेतली. ती गंजत नाही.

नव्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात. एक पेडलवर, दुसरे चाकापाशी. सुरुवात सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या उजव्या चाकापासून. मी चाकाखालून ओरडायचो, "दाब!" मुलगी पेडल दाबून म्हणायची, "दाबलंय!" मग मी बारीक बोंडी सैल करायचो. द्रवाबरोबर बुडबुडे बाहेर यायचे. "धरून ठेव!" मी बोंडी घट्ट करायचो आणि मगच म्हणायचो, "सोड!" बोंडी उघडी असताना पाय सुटला तर हवा परत आत ओढली जाते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. वर्गात आपण आज्ञार्थ शिकतो. त्याचा असा चोख सराव मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

४. श्वास आणि ताप

सात वर्षे झोपलेल्या इंजिनला किल्ली फिरवून एकदम उठवू नये. सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल ओघळून गेलेले असते आणि धातूवर धातू घासतो. आम्ही आधी टाकीतले शिळे पेट्रोल काढले आणि तेल बदलले. सहा प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे तेल सोडले आणि इंजिन पान्याने हाताने फिरवले. ते फिरले, कुठे अडले नाही.

मग प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मापले. या इंजिनला दर चौरस इंचाला १२० ते १५० पौंड दाब हवा, आणि दोन सिलिंडरांत ३० पौंडांपेक्षा जास्त फरक नको. आमचे आकडे आले : १३५, १४०, १३२, १३८, १३०, १३६. मुलाने वजाबाकी करून जाहीर केले, "फरक फक्त दहा!" एवढे कळल्यावरच नवे प्लग बसवले आणि किल्ली फिरवली.

इंजिन थंड ठेवणारे पाणीही पाहावे लागते. रेडिएटर म्हणजे आईचा प्रेशर कुकर समजा. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, आणखी वर जाते. म्हणूनच त्याचे झाकण धड हवे, आणि म्हणूनच गरम असताना ते कधीही उघडू नये. रबरी नळ्या बोटांनी दाबल्यावर चिरा दिसल्या, त्या सगळ्या बदलल्या.

अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या मोटारींना दोष वाचण्यासाठी सोळा पिनांची एकसारखी जोडणी असते. आमच्या गाडीच्या संगणकाने सांगितले की इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. असे वाचले की लोक आधी ऑक्सिजनचा सेन्सर बदलतात. आमचा सेन्सर खरेच बोलत होता! त्याच्या आधीच्या एक्झॉस्टच्या जोडाला फट होती आणि तिथून बाहेरची हवा आत शिरत होती. दहा मिनिटांत बसणाऱ्या गॅस्केटने काम झाले. संगणक कुठे दुखते ते सांगतो, का दुखते ते आपण शोधायचे. आणि शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. आम्ही संगणकाचे लोक हेच रोज करतो.

५. चार चाकांची ताकद

चालकाच्या उजव्या हाताला एक छोटा दांडा असतो. तो वर्षानुवर्षे न हलवल्याने जाम झाला होता. सांधे साफ करून वंगण घातले, आतले तेल बदलले आणि तो हलू लागला.

आमच्या गाडीत दांडा 'चार चाके' या खुणेवर नेला की पुढचा आणि मागचा दांडशाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि सारख्याच वेगाने फिरतात. पण वळताना पुढची चाके मोठा वळसा घेतात, मागची लहान. त्यांना वेगवेगळे अंतर कापायचे असते. बर्फावर किंवा चिखलात चाके थोडी घसरतात आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरत नाहीत, म्हणून आतल्या दात्यांना पीळ बसतो. तेव्हा कोरड्या रस्त्यावर दोनच चाके वापरायची.

आणखी एक खूण संथ गतीची असते. तिथे वेग २.७२ पटीने कमी होतो आणि चाकावरची ताकद तितक्याच पटीने वाढते. फुकट काही मिळत नाही, हा निसर्गाचा नियम इथेही आहे.

मुलांनो, आता सर्वांत महत्त्वाचे वाक्य. चार चाकांना ताकद मिळाली म्हणजे गाडी बर्फावर लवकर निघते, पण लवकर थांबत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. निघताना मिळालेल्या खात्रीवर विसंबून जो वेग वाढवतो, त्याला थांबताना बर्फ सत्य सांगतो.

६. रस्त्यावर

शेवटी टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जाडी भरपूर असूनही वयाने रबराला भेगा पडतात, म्हणून चारही टायर एकाच मापाचे नवे घेतले.

आपल्या राज्यात दरवर्षी गाडीची सुरक्षा तपासणी होते. गेल्या महिन्यात जीप त्या तपासणीत पास झाली. रंग अजून विटका आहे आणि वातानुकूलन बंद आहे, ते पुढच्या उन्हाळ्यात पाहू. आमची मुलगी नुकतीच सोळा वर्षांची झाली. परवान्याच्या परीक्षेआधी मोठ्या माणसाला शेजारी बसवून तिला ६५ तास गाडी चालवायची आहे. त्यात १० तास रात्रीचे आणि ५ तास खराब हवेतले. ते पाच तास ती याच गाडीत करणार आहे. ती नळी पूर्ण का बदलली, हे तिला कोणी सांगावे लागत नाही.

पालकांसाठी सूचना : केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मजबूत स्टँड लावावेत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये. मुलांना पान्याचे काम द्यावे, पेट्रोलचे देऊ नये.

शब्दार्थ

बीड : ओतीव लोखंड
लांबी : भेगा-भोके बुजवण्याचा लगदा
पाना : नट-बोल्ट फिरवण्याचे हत्यार
पेचकस : स्क्रू फिरवण्याचे हत्यार
आटे : स्क्रूवरची गोल फिरत जाणारी खाच
वंगण : घर्षण कमी करणारा तेलकट पदार्थ
बोंडी : इथे, हवा काढण्याचे छोटे तोंड
जाम होणे : अडकून बसणे

स्वाध्याय

१. ब्रेकच्या नळीत हवा का नसावी? दोन वाक्यांत लिहा.
२. 'दाब', 'धर', 'सोड' ही क्रियापदे 'तुम्ही' या सर्वनामाबरोबर आज्ञार्थात लिहा.
३. एका टायरवर '१४२३' असे आकडे आहेत. तो केव्हा बनला?
४. एका सेंटचे नाणे लिंकनचे डोके खाली करून टायरच्या खाचेत घाला. डोक्याचे टोक पूर्ण दिसले तर खाच २/३२ इंचाहून कमी उरली आहे. घरच्या गाडीचे चारही टायर पाहा आणि काय आढळले ते बाबांना किंवा आईला मराठीत सांगा.
५. महाराष्ट्रातल्या घाटरस्त्यांवर 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी असते. या पाठातल्या कोणत्या कामाला ती लावता येईल? कारण द्या.