ठाकुराचे हात

मुलांनो, उघड्या मैदानावर ताणलेल्या पांढऱ्या पडद्यावर चित्रपट पाहण्याचा योग तुमच्यापैकी फार थोड्यांना आला असेल. माझ्या लहानपणी, आजच्या नरखेड तालुक्यातील खेड्यांत, चित्रपट येई तो फिरत्या टॉकीजबरोबर. पिके घरात आली की बाजाराच्या मैदानावर कनाती उभ्या राहत. दिवसा कर्णा लावलेली बैलगाडी गावोगाव हिंडे आणि तिन्हीसांजेला जेवणे आटोपून माणसे पोती, घोंगड्या काखेत मारून निघत. खुर्च्या मोजक्याच असत. बाकी सारे जमिनीवर.

अशाच एका रात्री, संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी चालू असताना, आम्ही 'शोले' पाहिला. तो प्रदर्शित झाला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. आमच्याकडे पोचेपर्यंत दोन-तीन वर्षे लोटली होती. गब्बरसिंगाची वाक्ये मात्र त्याच्या कितीतरी आधी पोचली. संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली होती आणि बाजारातल्या हॉटेलात ती दिवसभर वाजे.

कथा तुम्हांला ठाऊक असेलच. गब्बरसिंग हा दरोडेखोर ठाकूर बलदेवसिंगाच्या घरातील माणसे मारतो आणि खुद्द ठाकुराचे दोन्ही हात तोडतो. मग ठाकूर जय आणि वीरू या दोन चोरांना हाताशी धरतो. कारण एकदा मालगाडीवर दरोडा पडला असता त्या दोघांची हिंमत त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. शेवटी हात नसलेला ठाकूर केवळ पायांनी गब्बरशी झुंजतो. मैदानावर त्या वेळी कोणी खोकतही नव्हते. आणि त्याच क्षणी माझा एक वर्गमित्र ताडकन उभा राहून ओरडला, "अरे, हात दिसले! ठाकुराचे हात हायेत!"

सारे मैदान त्याच्यावर उसळले. मागच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला खांदा धरून खाली बसवले व म्हटले, "दिसले असन हात. पण त्याचं घर बुडालं, ते तं खोटं नाही ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचे नाव 'हातवाला' पडले. त्याने शपथा घेतल्या, पण कोणी ऐकून घेईना. हसणाऱ्यांत मीही होतो. अखेर तोडणीच्या मजुरीतून त्याने पुन्हा तिकीट काढले, स्वतःच्या पैशाने आम्हां दोघांनाही नेले आणि तीन तास डोळ्याची पापणी न लववता बसला. दुर्दैव असे, की शेवटची झुंज सुरू होते न होते तोच फिल्म तटकन तुटली. यंत्रावरील माणसाने फाटका भाग कापला, दोन टोके चिकटवली आणि चित्रपट पुढे सुरू केला. हात दिसलेच नाहीत. घरी परतताना तो एक अक्षर बोलला नाही.

त्याने पहिल्या रात्री काय पाहिले असावे, हे समजण्यासाठी चित्रपट कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे. नाटक आरंभापासून शेवटापर्यंत एका दमात होते. चित्रपट तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो, आणि तोही कथेच्या क्रमाने नव्हे. शेवट आधी व आरंभ नंतर, असेही घडते. 'शोले'तील मालगाडीवरचा दरोडा घ्या. पडद्यावर तो थोड्या मिनिटांत संपतो. परंतु पनवेलजवळच्या लोहमार्गावर त्याचे चित्रीकरण सात आठवड्यांहून अधिक काळ चालले होते. म्हणजे जयने बंदूक उचलली ती एका दिवशी आणि चाप ओढला तो कदाचित पंधरा दिवसांनी! मधल्या काळात ऊन कलते, दाढी वाढते, सदऱ्यावरची धूळ झटकली जाते. तरीही पाहणाऱ्याला ते सारे एकाच दुपारी घडले असे वाटले पाहिजे. या जुळणीला सातत्य म्हणतात. चित्रपटाच्या धंद्यातील माणसे 'कंटिन्युइटी' म्हणतात.

ते राखण्यासाठी एक साहाय्यक वही घेऊन कॅमेऱ्याशेजारी बसतो. कोणती गुंडी उघडी होती, पेल्यात पाणी किती उरले होते, जखम डाव्या गालावर होती की उजव्या, हे सारे तो टिपून ठेवतो. काम कंटाळवाणे खरे. त्या वहीतील एक ओळ चुकली, तर पडद्यावर जखम एका गालावरून दुसऱ्या गालावर जाते.

कधी प्रकाशच हट्ट करतो. राधा ओसरीवरचे दिवे मालवीत आहे आणि अंगणात जय बाजा वाजवीत आहे, हा छोटासा प्रसंग चित्रित व्हायला सुमारे २० दिवस लागले. कारण दिग्दर्शक रमेश सिप्पी व छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांना सूर्य मावळल्यानंतरचा नेमका तोच उजेड हवा होता, आणि तो रोज काही मिनिटेच मिळतो.

हे तुकडे जोडून त्यांची एकसंध कथा करणारा माणूस म्हणजे संकलक. 'शोले'चे संकलक होते एम. एस. शिंदे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचे मिनिटाला ९० फूट यंत्रातून सरकतात. तीन तासांच्या चित्रपटाचे फूट किती होतात, ते तुम्हीच काढा. चित्रित झालेली फिल्म त्याच्या कितीतरी पट असते. संकलकापुढे नेहमी एक पेच असतो: एका तुकड्यात अभिनय उत्कट, पण कोठेतरी चूक, दुसऱ्यात चूक नाही आणि जीवही नाही. जाणते संकलक पुष्कळदा पहिलाच तुकडा ठेवतात. 'शोले'ला फिल्मफेअरची नऊ नामांकने मिळाली आणि पारितोषिक एकच, ते संकलनाचे, शिंदे यांना. गब्बरची वाक्ये घोकणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल, देव जाणे.

शेवटच्या झुंजीची अडचण आणखी निराळी होती. मूळ चित्रपटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. ते आणीबाणीचे दिवस होते. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा, हे सेन्सॉरला रुचले नाही. म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन ठाकुराला थांबवतात, असा नवा शेवट चित्रित करावा लागला. तोच घाम, तीच माती, तेच रक्त पुन्हा जमवायचे. आणि ठाकुराचे काम करणाऱ्या संजीवकुमारांचे दोन्ही हात कुडत्यात लपवायचे!

प्रेक्षकांनी तरी या चित्रपटाचे स्वागत लगेच केले का? मुळीच नाही. पहिल्या दिवसांत लोक पाहत आणि निमूटपणे उठून जात. टाळी नाही की शिट्टी नाही. समीक्षकांनीही नाके मुरडली. जयला जिवंत ठेवून शेवट बदलावा काय, असाही विचार निर्मात्यांनी केला. पण थोडे थांबायचे ठरले. मग एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला.

म्हाताऱ्या शेतकऱ्याचे बोलणे मला फार वर्षांनी, दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'विषयी वाचताना आठवले. १९१७ च्या त्या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी रामाचे काम केले आणि सीतेचेही त्यांनीच केले. तरी पडद्यावर राम येताच लोक पायांतील वहाणा काढीत, असे सांगतात. त्यांना काय दिसत नव्हते? दिसत होते. माझ्या मित्रालाही दिसत होते. फरक एवढाच, की तो बोलला.

पुढे मी शिक्षक झालो. एकदा व्हिडिओवर 'शोले' पाहण्याची संधी मिळाली. व्हिडिओचा मोठा गुण असा, की चित्र मागे नेता येते. झुंजीचा प्रसंग मी चार वेळा मागे नेला. कुडत्याच्या आत अंगाशी घट्ट धरलेले हात क्षणभर कळून येतात. शंकेला जागाच नाही. म्हणजे पहिल्या रात्री तो खरे बोलत होता, आणि दुसऱ्या रात्री त्याचा पुरावा कातरीत गेला होता.

त्याच रात्री मी त्याला पोस्टकार्ड लिहिले. 'हात होते. आम्ही उगीच हसलो,' एवढेच लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले:

'हात मी पहिल्याच रात्री पाहिले होते, त्यात नवे ते काय? पण मला सांग, त्या गावात वीज नाही, घरोघर कंदील. मग वीरू ज्या टाकीवर चढून बसतो, तिच्यात पाणी कोण चढवीत होते? पुन्हा पाहशील तेव्हा नीट पाहून कळव.'