गोठ्यातील हलत्या फरशीची दुरुस्ती

गोठ्यात शहाबादी फरशी घातली म्हणजे गोठा पक्का झाला, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत असते. परंतु दोन पावसाळे उलटतात न उलटतात तोच चार-दोन फरश्या जनावराच्या पायाखाली डुगडुगू लागतात. उठू पाहणाऱ्या बैलाचा मागचा पाय अशा फरशीवरून सरकला, तर ऐन पेरणीच्या दिवसांत जोडी मोडण्याची पाळी येते. फुटक्या कडेने खुराच्या बेचक्यात जखम होते आणि शेणामुताच्या ओलीत ती चिघळते. दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. जनावराच्या शरीराबाहेर पडणाऱ्या नत्राचा सुमारे निम्मा भाग व पालाशाचा त्याहूनही मोठा भाग मूत्रातून जातो. हे मूत्र फरशीच्या फटीतून जमिनीत मुरले, की खताच्या खड्ड्याकडे काही पोहोचत नाही.

फरशी हलते ती बहुधा दगडाच्या दोषामुळे नव्हे, तर तिच्या खालच्या कामामुळे. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते व वाळली की आकसते. गोठ्यात तर मूत्रनालीजवळची माती बारमाही ओली आणि गव्हाणीकडची कोरडी असते. त्यामुळे एकाच रांगेतील फरश्या कमीजास्त उचलल्या जातात. काही ठिकाणी नुसत्या वाळूवर फरशी मांडलेली असते. ती वाळू पाण्याबरोबर वाहून जाते किंवा उंदीर-घुशी ती उकरून काढतात. घाईने काम उरकणारा गवंडी फरशीच्या चार कोपऱ्यांखाली मालाचे चार गोळे ठेवून मोकळा होतो, हा प्रकार तर फारच आढळतो. अशी फरशी वरून सुबक दिसते. पण तिचा मधला भाग पोकळ राहतो आणि बैलाच्या खुराचा भार पडताच ती तडकते.

हलणाऱ्या फरशीच्या दरजेत वरून सिमेंटचे पाणी ओतण्याचा उपाय बहुतेक जण प्रथम करून पाहतात. तो व्यर्थ आहे. ते पाणी पोकळीत सारखे पसरत नाही, दरजेतील घाणीला चिकटत नाही आणि महिनाभरात त्याचे तुकडे निघतात. फरशी उचलल्यावाचून दुरुस्ती होत नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास प्रथम पटवून द्यावे.

पावसाळा संपून जनावरे बाहेर झाडाखाली बांधता येतील असे दिवस या कामास निवडावेत. प्रथम सर्व फरशी धुऊन प्रत्येक फरशीवर लाकडी दांड्याने ठोकावे. भरीव बसलेल्या फरशीचा आवाज घट्ट येतो, पोकळ फरशीचा बद्द. बद्द वाजणाऱ्या फरश्यांवर कोळशाने खूण करावी. एक तृतीयांशाहून अधिक फरश्यांवर खुणा झाल्या, तर ठिगळे न लावता सर्व फरशी काढणेच अंती स्वस्त पडते.

दरजा टाकीने मोकळ्या करून पहारीने फरशी हळूच उचलावी. २ फूट लांब, २ फूट रुंद व दीड इंच जाडीच्या फरशीचे वजन ३५ ते ४० किलो भरते. सबब ती दोघांनी उचलावी व खाली एकदम हात घालू नये. तेथे विंचू असण्याचा संभव असतो. फरशीची पाठ खरवडून धुवावी. शहाबादी दगड चुनखडीचा असल्याने सफाईसाठी ॲसिड वापरू नये, दगड झिजतो.

खालची काळी माती निदान एक फूट खोल काढून टाकावी व तेथे मुरूम भरावा. मुरूम एकदम न भरता ३-४ इंचांचा थर पसरावा, त्यावर पाणी शिंपडावे व धुम्मसाने चोपावे. मगच दुसरा थर घालावा. साऱ्या कामाची मदार या चोपण्यावर आहे, आणि मजूर कंटाळतात तेही येथेच.

नंतर एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू यांचा माल, मुठीत दाबला असता गोळा होईल इतपतच ओला करून, दीड इंच जाडीने सर्वत्र पसरावा. तो शेजारच्या फरशीच्या मानाने दोन सूत, म्हणजे पाव इंच, चढता ठेवावा. त्यावर रबडीसारखे कालवलेले सिमेंट ओतून फरशी ठेवावी व लाकडी ठोकळ्याने मधून कडांकडे ठोकत पातळीस आणावी. सुमारे १० फरश्यांना ५० किलोची एक गोणी सिमेंट व ६ घनफूट वाळू पुरते.

उतार मूत्रनालीकडे असावा. ६ फूट लांबीच्या उभे राहण्याच्या जागेत दीड इंच उतार पुरे होतो. अधिक उतार दिल्यास जनावराच्या मागच्या पायांवर ताण पडतो व गाभण गाईचे अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. गव्हाणीपाशी तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते कोठेही न साचता नालीत गेले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दरजा एकास तीन मालाने दाबून भराव्यात आणि गुळगुळीत झालेल्या फरशीवर टाकीने तिरक्या चरा पाडाव्यात. सात दिवस ओले बारदान घालून पाणी मारावे व निदान दहा दिवस जनावरे आत बांधू नयेत.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी हलत्या फरश्या काढून ठेवाव्यात व तूर्त चोपलेल्या मुरमाच्या जमिनीवरच जनावरे बांधावीत. डुगडुगत्या फरशीपेक्षा ती बरी. मात्र त्यावर पालापाचोळ्याचा किंवा भुसकटाचा थर पसरून तो रोज सकाळी मुतासह खड्ड्यात टाकावा.